फोनवर २८०, टीव्हीवर ९४, लॅपटॉपवर ३५: एकाच घरात नेटचा स्पीड वेगवेगळा का येतो?

तक्रार साधारण अशी असते. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. फोनवर स्पीड टेस्ट केली की २८० च्या आसपास येतं. त्याच खोलीत, त्याच वेळी लॅपटॉपवर जेमतेम ३५. टीव्हीला तर चक्क लॅन केबल लावलेली आहे, तरी आकडा ९४ च्या वर जायला तयार नाही. राउटर बंद करून चालू केला की लॅपटॉप एक-दोन दिवस छान चालतो आणि मग ये रे माझ्या मागल्या. कंपनीला फोन केला तर "आमच्याकडून लाइन ओके आहे" हे ठरलेलं उत्तर मिळतं. ऐकून चिडचिड होते, पण एका उपकरणावर चांगला स्पीड येत असेल तर ते उत्तर बहुधा खरं असतं.

प्लॅनमध्ये लिहिलेला वेग राउटरपर्यंत पोचतो. तिथून पुढे प्रत्येक उपकरणाची राउटरशी स्वतंत्र जोडणी असते आणि तिचा वेग त्या उपकरणापुरता ठरतो. दोन्हींत जो कमी, तो तुमच्या हाती लागतो. उपकरण आणि राउटर यांच्यातल्या या वेगाला लिंक स्पीड म्हणतात. माझ्या मते या सगळ्या घोळातलं निम्मं निदान या एका आकड्यात असतं, पण तो बघायच्या फंदात कुणी पडत नाही. सगळे स्पीड टेस्टचं बटण दाबत बसतात. स्पीड टेस्ट किती कमी मिळतंय ते सांगते, कुठे अडकलंय ते सांगत नाही.

पुढे जाण्याआधी एक शंका मिटवून टाका. डाउनलोडच्या खिडकीत दिसणारा आकडा बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये असतो आणि प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटने उतरत असेल तर ती पूर्ण वेगानेच उतरतेय. एका उपकरणावर ब्राउझरमधला आकडा आणि दुसऱ्यावर स्पीड टेस्टचा आकडा, अशी तुलना करून हैराण झालेली माणसं कमी नाहीत.

लिंक स्पीड कुठे दिसतो

विंडोजमध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क, मग वाय-फाय आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली यादीत प्रोटोकॉल (वाय-फायची पिढी), बँड (२.४ की ५ गिगाहर्ट्झ), चॅनल (त्या बँडमधली नेमकी पट्टी) आणि लिंक स्पीड असं सगळं एकत्र मिळतं. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरायची आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करायचं. अँड्रॉइडवर जोडलेल्या वाय-फायच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबलं की बहुतेक फोनमध्ये लिंक स्पीड आणि फ्रीक्वेन्सी दिसते. काहीच सापडलं नाही तर राउटरच्या ॲडमिन पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. अनेक राउटर तिथे प्रत्येकाचा बँड आणि वेग दाखवतात.

वाय-फायचा लिंक स्पीड जसाच्या तसा हाती येत नाही. साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश मिळाला तर समजायचं की सगळं ठीक आहे. एका वेळी एकच बाजू बोलू शकते, प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, त्यात बाकीचा वेळ जातो. केबलवर असं नसतं. गिगाबिट केबलवर ९४० च्या आसपास मिळतात आणि १०० च्या केबलवर ९४.

आता वरचे आकडे पुन्हा बघा. ते वाटेल तसे आलेले नाहीत.

३५ ते ४५: लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर अडकलाय

एक अँटेना, २० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल आणि वाय-फाय ४ (वाय-फायची जुनी पिढी; ५ आणि ६ तिच्यानंतरच्या), हे जमून आलं की लिंक स्पीड जास्तीत जास्त ७२ येतो. त्याचे निम्मे-शिम्मे म्हणजे ३५ ते ४५. लॅपटॉपचा लिंक स्पीड ७२ दिसत असेल आणि बँडच्या जागी २.४ असेल तर कोडं सुटलं. दोन अँटेना असतील तर हाच आकडा १४४ होतो. तोच लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर, वाय-फाय ५ वर आला की एका अँटेनाला ४३३ आणि दोन अँटेनांना ८६७ मिळतात. वाय-फाय ६ आणि दोन अँटेना असतील तर १२०१. उपकरण तेच, खोली तीच, फरक फक्त कुठल्या बँडवर बसलंय याचा.

राउटर बंद-चालू केल्यावर तात्पुरतं बरं का वाटतं, तेही इथेच कळतं. आजकाल बहुतेक राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली दाखवतात. कुठल्या बँडवर जायचं याचा अंतिम निर्णय राउटर घेत नाही, उपकरण घेतं. राउटर फार तर आग्रह करू शकतो. तुम्ही लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाता, मधल्या भिंतींमुळे ५ ची रेंज पडते, लॅपटॉप २.४ वर उडी मारतो. परत राउटरशेजारी येऊन बसता तेव्हा २.४ ची रेंज तर ठणठणीत असते, मग तो दुसरीकडे बघायची तसदीच घेत नाही. रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आणि स्पीड ३५, हे दृश्य त्यातून येतं. दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, वेगाबद्दल त्या काही बोलत नाहीत.

राउटर बंद केला की सगळ्यांनाच बाहेर पडावं लागतं. चालू झाल्यावर सगळे नव्याने जोडून घेतात आणि लॅपटॉप ५ वर जातो. तुम्हाला वाटतं राउटर थकला होता. खात्री करून घ्यायची तर पुढच्या वेळी राउटरला हात लावू नका. फक्त लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून चालू करा. तेवढ्याने स्पीड परत आला तर राउटरवर बोट दाखवायचं कारण उरलं नाही.

कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्यायची आणि लॅपटॉपला २.४ चं नाव विसरायला लावायचं. बँड स्टीअरिंग किंवा स्मार्ट कनेक्ट अशा नावाची सोय चालू असेल तर आधी ती बंद करावी लागते. नावं वेगळी केली की लांबच्या खोलीत लॅपटॉपला ५ पुरणार नाही, ही किंमत मोजावी लागते. ती नको असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रिफर्ड बँड असा पर्याय बऱ्याच कार्डांना असतो. तिथे ५ ला पसंती द्या. पर्याय नसेल तर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घालून बघा.

कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येतच नसेल तर मात्र यातलं काही कामाचं नाही. नवा राउटर आणला तरी नाही. ही गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही म्हणून जरा जोर देऊन सांगतो: जुन्या कार्डाच्या लॅपटॉपसाठी महागडा राउटर घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कार्ड बदला. अनेक लॅपटॉपमध्ये ते निघतं. नाही तर यूएसबीचं चांगलं डाँगल घ्या आणि ते यूएसबी ३ च्या पोर्टला लावा.

९४: हा आकडा दिसला की केबलकडे बघा

९३, ९४, ९५. स्पीड टेस्ट पुन्हा पुन्हा याच्या आसपास येऊन थबकत असेल तर मधे कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे. रेडिओचा वेग वर-खाली होत राहतो, इतका एकसारखा आकडा त्याच्याकडून येत नाही.

टीव्हीचं उत्तर सोपं आणि थोडं हास्यास्पद आहे. फोर-के चित्र दाखवणाऱ्या कित्येक टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो. अशा टीव्हीला केबल काढून ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाकलं तर टेस्टमध्ये जास्त आकडा दिसतो. तरीही मी केबल काढणार नाही. फोर-के प्रक्षेपणाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात आणि केबलवरचा प्रवाह मधेच डचमळत नाही. टीव्हीवरचे ९४ ही दुरुस्त करायची गोष्टच नाही.

संगणकावर ९४ आले तर गोष्ट वेगळी. संगणकाचा पोर्ट गिगाबिटचा, राउटरचाही गिगाबिटचा, मग १०० कुठून आले? बहुतेक वेळा केबलच्या टोकातून. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० च्या वेगाला दोनच जोड्या लागतात: पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही तारा लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक जरी तुटली किंवा पिनला नीट टेकली नाही तर दोन्ही बाजूंचे पोर्ट गपचूप १०० वर उतरतात. कसलीही सूचना नाही, लाल दिवा नाही, नेट चालूच. म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

केबलचं पारदर्शक टोक उजेडात धरून बघा. आठही रंगांच्या तारा पुढच्या भिंतीपर्यंत, सोनेरी पिनांच्या खाली पोचलेल्या दिसायला हव्यात. एखादी मिलिमीटरभर मागे राहिलेली असते, किंवा बाहेरचं आवरण टोकाच्या आत पकडलेलंच नसतं आणि सगळा ताण तारांवर येत असतो. दारात चेंगरलेली, कपाटामागे काटकोनात मुडपलेली केबल बाहेरून शाबूत दिसते, आत तार गेलेली असते. बऱ्याच राउटरांच्या पोर्टजवळचा दिवा १०० आणि १००० साठी वेगळ्या रंगाचा असतो. केबल हळूच हलवल्यावर रंग बदलला तर गुन्हेगार सापडला. दुसरी केबल लावून बघणं हा सर्वांत स्वस्त प्रयोग. तिच्यावर कॅट ५ई (हा केबलचा दर्जा) किंवा त्याच्या पुढचं काही छापलेलं असावं.

केबल बदलूनही ९४ च येत असेल तर मधे जुना स्विच, म्हणजे एका लॅन केबलवर अनेक उपकरणं जोडणारा डबा, आहे का ते बघा. आणि घरातलं एकही उपकरण, वाय-फायवरचं सुद्धा, कधीच ९५ च्या वर जात नसेल तर बाहेरची लाइन ज्यात येते तो राउटरचा वॅन पोर्टच १०० चा असण्याची शक्यता मोठी, किंवा मोडेम आणि राउटर यांच्यातली छोटी केबल सदोष. या वितभर केबलकडे कुणाचं लक्ष जात नाही.

२० ते २५ वर अडकलेलं

लिंक स्पीड ५४ दिसतोय का? उपकरण अगदीच जुनं नसेल तर राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जा. तिथे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी हा सुरक्षेचा जुना प्रकार निवडलेला असेल तर वाय-फाय ४ आणि त्यापुढचे वेग वापरताच येत नाहीत, नियमच तसा आहे. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते आवश्यकच आहे.

ठरावीक वेळी किंवा ठरावीक जागी कमी होतं तेव्हा

संध्याकाळीच कमी होतं का? २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूचे सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले. राउटरला २.४ वर ४० मेगाहर्ट्झची रुंदी दिलेली असेल तर ती २० करा. कागदावरचा वेग घटेल, प्रत्यक्षातला बहुतेक वेळा वाढेल. वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घेऊन कमी गर्दीचा चॅनल निवडा. चॅनल ऑटोवर असेल तर अनेक राउटर तो सुरू होतानाच निवडतात आणि मग तिथेच बसून राहतात. बंद-चालू केल्यावर बरं वाटण्याचं हे दुसरं कारण.

एकाच लॅपटॉपचं, एकाच टेबलावर कमी होतं? टेबलावर काय आहे ते बघा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क, हब किंवा त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क कॉपी करायला लावा आणि लिंक स्पीडवर नजर ठेवा. तो ढासळला तर डिस्क लांब केबलने हातभर दूर ठेवा किंवा लॅपटॉप ५ वर न्या. डाँगल लावलं असेल तर त्यालाही हाच त्रास होतो, म्हणून ते छोट्या एक्स्टेंशन केबलवर लावलेलं चांगलं. ब्लूटूथचे हेडफोनही २.४ मध्येच बोलतात.

सगळ्यांचंच अधूनमधून कमी होतं, आणि ते कुणीतरी आतल्या खोलीत जुना टॅब घेऊन बसलं की? वाय-फायवर हवा सगळ्यांची एकच आहे. सभेत एकच माइक असावा तसं: सावकाश बोलणाऱ्याच्या हातात माइक गेला की भरभर बोलणाऱ्यालाही ताटकळावं लागतं. लांबवर क्षीण रेंजमध्ये बसलेलं उपकरण तीच माहिती घ्यायला कित्येक पट वेळ घेतं आणि तेवढा वेळ बाकीचे खोळंबतात. इथे मंद उपकरणाची सोय केली की वेगवान उपकरणं सुधारतात. ते २.४ वर पाठवा म्हणजे ५ मोकळं राहील, किंवा त्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथून वाय-फाय देणारा डबा, लावा. साधा रिपीटर घेऊ नका असं मी सांगेन. एकाच रेडिओवर ऐकून तेच पुन्हा पुढे बोलणारा रिपीटर वेग निम्मा करतो. रेंजच्या दांड्या तेवढ्या भरून दाखवतो.

लिंक स्पीड उत्तम, तरी डाउनलोड रडतंय

इथे वाय-फायला क्लीन चिट द्यायची आणि उपकरणाच्या आत बघायचं. व्हीपीएन (सगळं ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) चालू आहे का? बंद करून टेस्ट करा, बहुतेक वेळा इथेच सापडतं. अँटीव्हायरस वेब ट्रॅफिक तपासत असेल तर जुन्या प्रोसेसरवर तोच गळा आवळतो. टेस्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर १०० टक्क्यांना भिडतोय का ते बघा. मोठा गेम उतरवताना वेग शून्यावर येतो, मग उसळतो, पुन्हा शून्य, तेव्हा बहुधा डिस्क मागे पडलेली असते, कारण उतरलेलं सोडवून लिहायचं काम तिला झेपत नाही. लॅपटॉप चार्जरवर वेगवान आणि बॅटरीवर संथ असेल तर वाय-फाय कार्डचं पॉवर सेव्हिंग बंद करा.

एक कारण सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही: अपलोड. एखादा फोन हजारो फोटो क्लाउडवर चढवत असेल आणि अपलोडची बाजू तुंबली असेल, तर डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात आणि उतरणारी फाइल रखडते. बॅकअप थोडा वेळ थांबवून बघा. राउटरला एसक्यूएमची किंवा चांगल्या क्यूओएसची, म्हणजे रांग आणि प्राधान्य सांभाळण्याची, सोय असेल तर ती अशा वेळी उपयोगी पडते. पण क्यूओएसमध्ये कुणीतरी कधीकाळी एखाद्या उपकरणाला मर्यादा घालून ठेवलेली असणं, हेही होतं. एकच उपकरण एका गोल आकड्यावर, म्हणजे २० किंवा ५० वर अडत असेल तर ते पान जरूर बघा.

डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्याने स्पीड वाढतो असं सांगणारे बरेच भेटतील. फाइल उतरण्याच्या वेगाशी डीएनएसचा थेट संबंध नाही. मात्र एकाच उपकरणावर हाताने वेगळा डीएनएस घातलेला असेल तर त्याला कधी कधी दूरच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो आणि तेवढ्या साइटपुरता फरक पडू शकतो.

तुलना करताना

दोन उपकरणांची तुलना करायची तर ती एकाच जागी ठेवून, एकाच बँडवर, एकाच टेस्टमध्ये, तोच सर्व्हर निवडून आणि एकामागून एक करायची. एकाच वेळी दोन्हींवर टेस्ट लावली तर ती एकमेकांचाच वाटा खातात. फोनवर ॲप आणि लॅपटॉपवर वीस टॅब उघडलेला ब्राउझर, ही तुलना नव्हे. घरातली बाजू वेगळी काढायची असेल तर आयपर्फ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. केबलने राउटरला जोडलेल्या एका संगणकावर तो सर्व्हर म्हणून चालवायचा आणि दुसऱ्या उपकरणावरून टेस्ट करायची. यात इंटरनेट येतच नाही, त्यामुळे जो आकडा दिसेल तो निव्वळ तुमच्या घरातला.

प्लॅन वाढवला आणि फायदा फक्त फोनलाच झाला, असंही अनेकांना दिसतं. १०० च्या प्लॅनवर ४३३ लिंकचा लॅपटॉप आणि १२०१ लिंकचा फोन, दोघांनाही १०० मिळतात, फरक झाकलेला राहतो. प्लॅन ५०० चा केला की लॅपटॉप अडीचशे-तीनशेवर थांबतो आणि फोन पुढे जातो. बिघाड काहीच नाही. राउटरच्या खोक्यावरचे मोठे आकडेही जपून वाचा. एएक्स ३००० म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज. त्यातले २४०२ घ्यायलाही उपकरणाला १६० मेगाहर्ट्झचा चॅनल चालावा लागतो, आणि तो बऱ्याच फोन-लॅपटॉपना चालत नाही.

कंपनीकडे कधी जायचं? गिगाबिट पोर्टचा संगणक चांगल्या केबलने थेट राउटरला जोडा, लिंक स्पीड १००० दिसतोय याची खात्री करा, राउटरचं वाय-फाय तेवढ्यापुरतं बंद ठेवा आणि सकाळी, दुपारी, रात्री टेस्ट घ्या. तरीही प्लॅनच्या बराच खाली आकडा येत असेल तर लाइनमध्ये खोट आहे. लिंक स्पीड आणि टेस्टचा निकाल, दोन्हींचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. मग "तुमच्या लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम असेल" असं म्हणायला समोरच्याला जागा राहत नाही.